डेव्ही जोन्सचं लॉकर आणि तीन वाव पाणी : एका भाषांतराचं प्रकरण

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, लग्न होऊन कुडाळला आले त्याला आता अकरा वर्षं झाली, आणि तेव्हापासून मी घरबसल्या भाषांतराची कामं करते, म्हणजे बँकेची माहितीपत्रकं, औषधाच्या खोक्यावरचा मजकूर, मिक्सरची मॅन्युअलं, असलं सगळं. समुद्राचं काम कधी आलं नव्हतं. आलं तेव्हा वाटलं किती सोपंय, दीड पानाचा तर मजकूर, संध्याकाळपर्यंत होईल. त्याला पावणेदोन महिने लागले आणि मी चांगलीच तोंडावर आपटले, तर काय काय झालं ते नीट लिहून ठेवते.

नवऱ्याचा एक शाळेतला मित्र मालवणला स्कूबा डायव्हिंगचं सेंटर चालवतो. दोन बोटी, चार-पाच पोरं, माडाखाली एक काउंटर, इतकंच, पण सीझनला शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. त्यात मध्यंतरी आयएनएस गुलदारचा विषय सुरू झाला होता. नौदलाचं हे जहाज १९८५ मध्ये सेवेत आलं, जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालं आणि पुढे पर्यटन महामंडळाकडे आलं, निवतीच्या खडकांजवळ ते मुद्दाम बुडवायचं, खाली प्रवाळ वाढेल, लोक डुबकी मारून बघायला येतील अशी योजना. पेपरवाल्यांनी 'जलसमाधी' शब्द सोडला नाही. जहाज निवृत्त होतं तसं माणसासारखं त्याला समाधीही देतात, मला गंमत वाटली होती तेव्हा. तर त्या चर्चेमुळे मित्राला वाटलं की आपणही जरा स्टाइलमध्ये पाट्या लावाव्यात, बोटीत वाजवायला दोन मिनिटांची ऑडिओ क्लिप करावी. मुंबईच्या कुठल्यातरी एजन्सीकडून त्याने इंग्रजी मजकूर लिहून घेतला आणि मला पाठवला, 'वहिनी, याचं झकास मराठी करून द्या'.

मजकूर वाचायला मस्त होता, खोटं नाही बोलणार. इंग्रज खलाशांच्या तोंडच्या जेवढ्या म्हणी समुद्राच्या तळाबद्दल आहेत तेवढ्या त्या पोराने कोंबल्या होत्या. मोठ्या पाटीवर, या आणि डेव्ही जोन्सचं लॉकर बघा. त्याखाली, आज माशांसोबत झोपा. तिकिटावर, तुमच्या चिंता 'डीप सिक्स' करा. सकाळची बॅच घेऊ की दुपारची अशा पेचात असणाऱ्यांसाठी सैतान आणि खोल समुद्र यांच्यामध्ये अडकल्याची म्हण. आणि ऑडिओच्या शेवटी एक वाक्य, समुद्रात हरवलेल्या सगळ्यांना सलाम.

मी पहिला मसुदा एका बैठकीत केला. लॉकरला लॉकरच ठेवलं, आता तो शब्द मराठीच झालाय की, बँकेत जाऊन कुणी 'सुरक्षा-कप्पा' मागत नाही. मित्राला आवडलं, त्याने लगेच फ्लेक्स छापून काउंटरच्या वर लावला. माझं काम होतं तेवढ्यात मी पण एका शनिवारी तिकडे गेले, नारळपाणी पीत बसले होते, आणि डोळ्यांदेखत हे घडलं. कोल्हापूरकडचं एक कुटुंब, आजी, नवराबायको, दोन पोरं. बाईंनी पाटी वाचली, मोबाईल-पाकीट-घड्याळ असं सगळं एका पिशवीत भरलं, आणि काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "लॉकर कुठाय? भाडं किती? चावी आपल्याकडेच राहते ना?" मुलगा म्हणाला, लॉकर नाहीये ताई. बाईंनी पाटीकडे बोट दाखवलं. "मग हे काय लिहिलंय? जोन्स कोण, मॅनेजर आहेत का?" मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी नारळाच्या स्ट्रॉमध्ये तोंड घातलं.

दिवसभरात असं पाच वेळा झालं असं त्या मुलाने संध्याकाळी सांगितलं. मित्राने यावर त्याच्या पद्धतीने उपाय काढला, पुढच्या आठवड्यात कुडाळहून लोखंडी कपाट आणलं, आठ खणांचं, प्रत्येक खणाला चावी, आणि तीस रुपये भाडं लावलं. भाषांतर चुकलं तर वस्तू विकत आणायची, हा मार्ग माझ्या अकरा वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदाच बघितला. पण मला झोप लागेना. मग मी त्या जोन्सच्या मागे लागले.

तर हा डेव्ही जोन्स म्हणजे कुणी खरा माणूस सापडत नाही. छापील पुस्तकात तो पहिल्यांदा दिसतो १७२६ मध्ये, एका समुद्रप्रवासाच्या पुस्तकात, जे डॅनियल डिफोने लिहिलं असं बरेच जण धरतात. आणि तिथे गंमत अशी की कुणी माणूस बुडत नाहीये. चाचे लोक लुटीतलं थोडं सामान एका कप्तानाला परत द्यायचं म्हणतात, आणि त्यांच्यातला एक खवट म्हणतो, द्याल तर ते सगळं डेव्ही जोन्सच्या लॉकरमध्ये फेकून देईन. म्हणजे पाण्यात. जहाजावर लॉकर म्हणजे सामान ठेवायची पेटी किंवा कप्पा, प्रत्येक खलाशाचं जग तेवढ्या पेटीत मावलेलं असायचं, आणि समुद्राचा तळ ही जोन्सबाबाची पेटी, तिच्यात गेलेली वस्तू परत मिळत नाही. आता बघा, त्या कोल्हापूरच्या बाईंनी अर्थ फार काही चुकीचा नव्हता लावला, सामान ठेवायची जागाच ती, फक्त चावी मिळत नाही.

मग १७५१ मध्ये टोबायस स्मॉलेटच्या कादंबरीत त्याचं सगळं ध्यान येतं. बशीएवढे डोळे, दातांच्या तीन रांगा, शिंगं, शेपूट, नाकातून निळा धूर, आणि खोल पाण्यातल्या सगळ्या भुताखेतांचा हा मुकादम, वादळाच्या आधी डोलकाठीवर वगैरे बसलेला दिसतो. नाव कुठून आलं यावर इंग्रजीवाल्यांचीच भांडणं आहेत. कोणी म्हणतं माशाने गिळलेला बायबलमधला जोना तोच जोन्स झाला, कोणी म्हणतं वेस्ट इंडिजमध्ये भुताला डप्पी म्हणतात त्याचा डेव्ही झाला, कोणी म्हणतं वेल्सचा संत डेव्हिड, आणि एक मत असं की दारूच्या गुत्त्याचा मालक होता जो पिऊन पडलेल्यांना पेटीत घालून जहाजांवर विकायचा. मला हे शेवटचं सगळ्यात आवडलं, पण आवडणं हा काही पुरावा नाही.

माझा धाकटा दीर मर्चंट नेव्हीत आहे. कोकणात दर तिसऱ्या घरात कोणीतरी जहाजावर असतोच. त्याला फोन लावला तर तो हसायलाच लागला, "वहिनी, मी भेटलोय डेव्ही जोन्सला". जहाज विषुववृत्त ओलांडतं तेव्हा पहिल्यांदा ओलांडणाऱ्या पोरांची थट्टा करायचा रिवाज आहे, कोणीतरी नेपच्यून राजा बनतो, आणि त्याचा कारभारी म्हणून डेव्ही जोन्स आधी येऊन वर्दी देतो. दिराच्या वेळी जोन्स झाला होता चीफ कुक, अंगाला इंजिनातलं ग्रीस फासून, डोक्यावर फरशी पुसायच्या मॉपचे केस. पोरांना कसलंतरी घाणेरडं सरबत पाजलं, डोक्यावर अंडी फोडली, सर्टिफिकेट दिलं. म्हणजे अजून तो जिवंत आहे, जहाजावरची पोरं त्याला घाबरत नाहीत, खिदळतात. दीर म्हणाला, "सहा सहा महिने पाणीच बघायचं वहिनी, खाली काय आहे याचा विचार केला तर वेड लागेल, त्यापेक्षा खाली एक येडपट बसलाय असं म्हटलेलं बरं."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. पण मराठीत काय म्हणायचं तो प्रश्न तिथेच होता.

मी मराठी पर्याय काढायला बसले. रसातळ आला पहिला. अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल, पाताल, या सात पाताळांतला तो सहावा, पण आता 'रसातळाला गेला' म्हटलं की दारूत जमीन घालवलेला माणूस डोळ्यासमोर येतो, पर्यटक कसा पाठवणार तिथे. मग वडवानल, समुद्राच्या तळाशी जळणारा अग्नी, भारी शब्द आहे पण लोक विचारतील आग कुठे लागलीय. मग मी म्हणींकडे वळले, आणि इथे माझी दुसऱ्यांदा गोची झाली.

सैतान आणि खोल समुद्र याला तर मी डोळे झाकून 'इकडे आड तिकडे विहीर' टाकलं होतं. शाळेत पाठ केलेली जोडी, त्यात विचार करण्यासारखं काय आहे. दुसरी फ्लेक्स छापायच्या आधी मी ती सेंटरवरच्या म्हाताऱ्या तांडेल काकांना वाचून दाखवली. साठीच्या पुढचे, आयुष्यभर मासेमारी केली, आता मोठी बोट झेपत नाही म्हणून इथे छोटी बोट चालवतात. ते जाळ्याची गाठ सोडवत बसले होते, वर न बघता म्हणाले, "हय बाव खय इली?"

इथे बाव म्हणजे विहीर. चारी बाजूंनी पाणी, समोर सिंधुदुर्ग किल्ला, आणि मी पाटीवर आड नि विहीर खणून ठेवलेली. घरी येऊन मी सगळ्या म्हणींची यादीच केली. बुडत्याचा पाय खोलात. बुडत्याला काडीचा आधार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. गंगेत घोडं न्हालं. नाकातोंडात पाणी जाणं. कंपनी गाळात गेली. एकही समुद्रातली नाही! सगळं पाणी गोडं. विहीर, नदी, तळं, डोह, आणि बुडणारा माणूस काठापासून दहा हातांवर, कोणीतरी दोर टाकेल इतका जवळ. मी कधी विचारच केला नव्हता की पुस्तकी मराठी ही बरीचशी माझ्या माहेरच्या बाजूची आहे, घाटावरची, आणि तिथे बुडायचं तर विहिरीतच. साताऱ्याच्या माणसाने समुद्रावर म्हण कशाला काढावी. आणि ज्यांनी काढली असणार त्यांच्या म्हणी आमच्या व्याकरणाच्या पुस्तकात आल्याच नाहीत.

(त्या इंग्रजी म्हणीतही समुद्र खरंच जहाजावरचा आहे का यावर वाद आहे बरं का. काही जण म्हणतात सैतान म्हणजे जहाजाच्या फळ्यांमधली एक लांब सांध, तिथे डांबर भरायला लटकणारा माणूस सांध आणि समुद्र यांच्यामध्ये. ऐकायला छान आहे. पण म्हण १६३७ मध्ये छापलेली सापडते ती एका स्कॉटिश सैनिकाच्या लिखाणात, जमिनीवरच्या लढाईबद्दल, आणि सांधीला सैतान म्हणायची नोंद त्यानंतर बऱ्याच काळाने मिळते. म्हणजे तिकडेही जमिनीवरच्यांनी समुद्र उसना घेतलाय.)

मग मी तांडेल काकांकडेच ठाण मांडलं. पर्यटक नसतील तेव्हा, म्हणजे सोमवार-मंगळवार. पहिलं विचारलं 'डीप सिक्स'बद्दल, कारण ते मला सगळ्यात तांत्रिक वाटत होतं आणि तिथे पाय रोवता येईल असं वाटलं.

ती भानगड अशी आहे. जुन्या जहाजांवर पाण्याची खोली मोजायला शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडायचे. दोरीवर ठरावीक फॅदमला (एक फॅदम म्हणजे सहा फूट) खुणा बांधलेल्या, दोनला नि तीनला चामड्याच्या पट्ट्या, पाचला पांढरं कापड, सातला लाल, दहाला भोक पाडलेलं चामडं, रात्री अंधारात हाताला किंवा ओठाला लावून कळावं म्हणून प्रत्येकाचा पोत वेगळा. खूण असलेल्या आकड्याला 'मार्क' म्हणायचं, मधल्या बिनखुणेच्या आकड्याला 'डीप'. सहाला खूण नाही, म्हणून डीप सिक्स. मार्क ट्वेन हे लेखकाचं टोपणनाव पण तिथलंच, मार्क दोन, म्हणजे बारा फूट, नदीतल्या बोटीला पुरेसं पाणी. पुढे अमेरिकन नौदलातल्या पोरांनी डीप सिक्स करणं म्हणजे पाण्यात फेकून देणं असा वापर सुरू केला, आणि १९७३ मध्ये वॉटरगेटच्या चौकशीत साक्ष झाली की एक ब्रीफकेस 'डीप सिक्स' करायला सांगितली होती, तेव्हापासून तो पेपरवाल्यांचा शब्द झाला. वजनाच्या बुडाला खळगा असायचा, त्यात चरबी भरायची, म्हणजे तळाची वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा काय असेल ते चिकटून वर यायचं. जुना कप्तान त्या चरबीला चिकटलेली वाळू बघून आपण कुठे आहोत ते सांगायचा. मला हे वाचून असं वाटलं की समुद्राच्या तळाबद्दल याहून सुंदर काही कोणी लिहिलेलं नसेल, आणि ते कुठल्याच म्हणीत आलेलं नाही.

काकांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मगे? आमी पन तेच करतंव." आणि उठून दोरी घेतली. एक टोक डाव्या मुठीत, उजवा हात पूर्ण ताणला, छातीवरून दोरी सरळ, मूठ बदलली, पुन्हा ताणला. दोन्ही हात पसरले की एक वाव. सहा फूट. म्हणजे फॅदमच की! चार हात म्हणजे एक वाव. मी आधी त्यांच्या बोलण्यात 'तीन वाव' ऐकून 'तीन बाव' लिहून घेतलं होतं वहीत, तीन विहिरी, आणि दोन दिवस विचार करत होते की समुद्रात विहिरी कुठल्या, काही गोड्या पाण्याचे झरे असतील का. साताऱ्याचा कान.

मी म्हटलं, मग चिंता सहा वाव खोल बुडवा असं करूया का तिकिटावर? शब्दाला शब्द बसतोय. काका हसले. "बाय, हय तीन वाव पानी. सा वाव व्हया तर भायर जावक व्हया." सहा वाव म्हणजे जवळपास अकरा मीटर, आणि हे लोक हौशी पर्यटकाला नेतात पाच-सहा मीटरवर. डीप सिक्सला इथे पाणीच पुरत नाही. मित्राने 'चिंतांचं विसर्जन करा' सुचवलं, मी नको म्हटलं, विसर्जन गणपतीचं नि अस्थींचं, ज्याला आपण हात जोडून सोडतो ते, ऑफिसच्या टेन्शनला कोण हात जोडतं. ती ओळच काढून टाकली. तिकिटावर आता नुसती वेळ नि फोन नंबर आहे, आणि ते बरंच आहे.

आता मुख्य. 'आज माशांसोबत झोपा'. हे वाक्य मी इतके दिवस नजरेआड करत होते, कारण मला ते विनोदी वाटत होतं, मारून पाण्यात टाकलेल्या माणसाबद्दल असं म्हणतात हे माफियाच्या पिक्चरमुळे सगळ्यांना माहिती आहे, तरुण पोरं फोटो काढून टाकतील, चालेल. मी ते काकांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांच्या हातातली जाळ्याची सुई थांबली.

"माशांवांगडा झोपाक गेले ते परत इले नाय, बाय."

मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मी पण नाही. शेवटी त्यांनी स्वतःच सांगितलं. नोव्हेंबर २००९ चं फयान वादळ, इथे सगळ्यांना आठवतं ते, दुपारपर्यंत बऱ्यापैकी असलेला समुद्र बघता बघता फिरला, बाहेर गेलेल्या होड्यांपैकी काही आल्या, काही आल्या नाहीत. काकांचा चुलतभाऊ एका होडीवर होता. मी माझ्या मराठीत विचारलं, बुडाले का ते? ते एकदम म्हणाले, "बुडलो म्हनू नको. बुडताना कोनी बघूक नाय. गावलो नाय."

गावणं म्हणजे सापडणं. गावलो नाय, सापडला नाही, एवढंच. बोट बुडते, पैसे बुडतात, माणूस गावत नाही. मला तोपर्यंत हा फरक शैलीचा वाटला असता, पण मग त्यांनी कागदांचं सांगितलं. प्रेत नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून विमा नाही, होडीच्या कर्जाचं काय करायचं ते कळत नाही, रेशनकार्डावर नाव तसंच. सात वर्षं कुणाला त्या माणसाची काही खबर लागली नाही तर तो मेला असं कोर्ट धरू शकतं, १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम १०८ होतं, जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात कलम १११ आहे. सात वर्षं त्याच्या बायकोने मंगळसूत्र काढावं की नाही यावर घरात दोन तट. कोणी बघितलं नाही ना बुडताना. त्या घरात 'बुडाला' हा शब्द उच्चारणं म्हणजे एका बाजूने निकाल देणं होतं.

आणि माझ्या ऑडिओच्या शेवटी काय होतं, समुद्रात हरवलेल्यांना सलाम. इंग्रजीत समुद्रात हरवणं हा ठरलेला, आदराचा प्रयोग आहे, स्मारकांवर कोरतात. मराठीत हरवतो तो जत्रेतला पोरगा किंवा छत्री.

मला वाटतं फरक इथे आहे, चूक असेन तर असो. तो इंग्रज खलाशी घरापासून हजारो मैलांवर, खाली काय आहे ते कधीच न बघितलेला, त्याला जोन्सचा मुखवटा लागतो, विनोद लागतो, माझा दीर म्हणाला तसं. इथे तळ हा परका नाही. तीन वावावर खडक कुठला, वाळू कुठली, जाळं कुठे अडकतं हे काकांना पायाखालच्या अंगणासारखं माहिती आहे, आणि जो गावला नाही तो त्याच अंगणात कुठेतरी आहे. त्याच्यावर मुखवटा कसा चढवायचा? रामदास बोटीचंही तसंच आहे. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून जास्त माणसं गेली. रायगडकडे म्हातारी माणसं 'रामदास बुडाली त्या साली' अशी वर्षं मोजायची असं माझ्या सासूबाई सांगतात. त्यावर थट्टेची एक म्हण मी तरी ऐकलेली नाही.

मग मजकूर पुन्हा लिहायला घेतला, या वेळी इंग्रजी कागद ड्रॉवरमध्ये ठेवून. मोठी पाटी अडली होती ती काकांच्याच एका वाक्यामुळे सुटली, ते कुठल्यातरी हरवलेल्या नांगराबद्दल सहज म्हणाले, दर्यान पोटात घेतल्यान. पोटात घेणं! आपण चूकसुद्धा पोटात घालतो, म्हणजे माफ करतो, गुपित पोटात ठेवतो, आणि समुद्र नांगर पोटात घेतो. जोन्सच्या लॉकरमध्ये जे आहे ते सगळं त्यात येतं, शिवाय चावीचं भाडं कोणी विचारणार नाही. पाटी झाली, 'दर्याच्या पोटात काय काय आहे, बघून या'.

त्यातलं 'बघून या' मी मुद्दाम ठेवलं. आधी 'खाली जा' होतं. आपल्याकडे घरातून निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात, माझी आजी तर बाजारात निघालेल्यालाही 'जातो म्हणू नये' म्हणून परत बोलवायची. पाण्यात उतरणाऱ्या माणसाला जा म्हणणं बरोबर वाटेना. मित्र म्हणाला लोकांना एवढं कळतं का. कळत नसेल, पण सिलिंडर पाठीला बांधून पहिल्यांदा कडेवर बसलेल्या माणसाचे पाय थरथरत असतात, त्याला कोणीतरी 'या' म्हटलेलं बरं.

माशांसोबत झोपायच्या जागी 'माशांच्या वाडीत पाहुणे' आलं. आड-विहीर काढलं, त्या जागी सरळ 'सकाळी पाणी स्वच्छ असतं, दुपारी वारा असतो' असं लिहिलं. मित्र म्हणाला यात पंच नाही, मी म्हटलं यात माहिती आहे. त्यावर आमचं थोडं वाजलं, एजन्सीचे पैसे वाया गेले म्हणाला, पण पाटी लागली. हरवलेल्यांच्या सलामाची ओळ काढताना मात्र त्याने काही विचारलं नाही, तो इथलाच आहे.

डेव्ही जोन्स पूर्ण गेला नाही. ते लोखंडी कपाट आहे ना, त्याच्यावर सेंटरवरच्या पोरांनी ऑइलपेंटने नाव टाकलंय 'डेव्ही जोन्स', बाजूला बशीएवढे डोळे नि दातांच्या तीन रांगा, मी स्मॉलेटचं वर्णन सांगितलं होतं त्यावरून. कोल्हापूरकरांची पाकिटं सुखरूप असतात.

ऑडिओ शेवटी झाली. सुरुवातीला माझा आवाज आहे, मास्क कसा लावायचा, कान दुखले तर कोणती खूण करायची. नंतर मी काकांना म्हटलं तुम्ही फक्त दोरी सोडताना मोजता तसं मोजा, मी मोबाईलवर रेकॉर्ड करते. बोट उभी केली, इंजिन बंद, त्यांनी वजन सोडलं. "एक वाव. दोन वाव. अडीच." मग दोरी सैल पडली, आणि ते म्हणाले, "लागला."

मी म्हटलं, काका, शेवटी 'तळ' असं म्हणाल का, ऐकणाऱ्याला कळायला हवं. त्यांनी दोरी वर ओढायला सुरुवात केली होती. "तळ कित्याक म्हनू? लागला म्हनतत."

तेच ठेवलंय.